जपानी सोंगे आणि मराठी सोवळे

बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्राबाहेर वास्तव्य करणाऱ्या आमच्या मराठी अधिकारीवर्गात सांप्रत एका नव्या तक्रारीने मूळ धरले आहे. पूर्वी परमुलखात दोन मराठी कुटुंबे एकत्र आली, की घरभाडे-भत्ता, मुलांचा शाळाप्रवेश आणि गोडा मसाला कोठे मिळतो, या तीन विषयांवर संभाषण होत असे. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे. “आमचा मुलगा दिवसभर ती जपानी कार्टुने पाहतो, आणि मुलगी त्यांतल्याच कोणाचे तरी सोंग घ्यावयाचे म्हणून घरभर चिंध्या करून ठेवते,” असे दुःख आईबाप एकमेकांस सांगतात. मग उपस्थितांपैकी एखादे वडीलधारे गृहस्थ ‘संस्कारांचा अभाव’ असे निदान करतात, सर्वजण माना डोलावतात आणि चहा संपतो. या निदानाचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्याला आपण संस्कारांचा अभाव म्हणतो त्यातच आपल्या नाट्यवेडाचा एक जिवंत अंश शिल्लक आहे, आणि तो टिकविण्याचे काम आपली मुले आपल्या मदतीवाचून करीत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही तक्रार दिवाणखान्यापुरतीच राहिली असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ती आता नियमावलीत शिरली आहे. महाराष्ट्राबाहेरील एका मंडळाच्या गणेशोत्सवात वेषभूषा-स्पर्धेच्या पत्रकावर आम्ही असे कलम वाचले, की केवळ पौराणिक, ऐतिहासिक अथवा राष्ट्रीय व्यक्तिरेखाच स्वीकारल्या जातील. परदेशी कार्टुनांतील पात्रे बाद समजण्यात येतील. मंडळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; असे कलम लिहिण्यास उत्सुक असलेली मंडळे एकाहून अधिक आहेत. परिणाम मात्र सांगितला पाहिजे. एका मुलीने दोन महिने खपून स्वतः शिवलेला वेष रंगमंचावर न येता पिशवीतून घरी परत गेला; आणि भाड्याच्या दुकानातून सकाळी आणलेला, मागच्या बाजूने टाचण्यांनी आवळलेला मावळ्याचा पोशाख बक्षीस घेऊन गेला. मावळ्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्या पोशाखात त्या मुलाचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न परीक्षकांपैकी एकानेही विचारला नाही, आणि आमचा सगळा वाद त्या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती दिली पाहिजे. जपानी चलच्चित्रपट व चित्रमालिका यांस ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. तोएई या चित्रसंस्थेने १९५८ साली ‘हाकुजादेन’ हा जपानमधील पहिला रंगीत, पूर्ण लांबीचा चलच्चित्रपट काढला. त्याची कथा श्वेतसर्पिणीची, म्हणजे चिनी लोककथा. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रबालकाची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि आजच्या साप्ताहिक मालिकांचा साचा तेथे घडला. या मालिकांतील पात्रांचा वेष हुबेहूब तयार करून तो अंगावर घालणे याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ साली एका जपानी मासिकात रूढ केला. रीत मात्र त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनास फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे भविष्यकाळातील माणसाचा वेष करून गेले, आणि तो वेष शिवला होता त्यांच्या सहकारी मर्टल डग्लस यांनी. या खेळाच्या आरंभीच एक शिवणारी व्यक्ती आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की हे परकीय आहे.

हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांना आम्ही १९९३ सालच्या दूरदर्शनची आठवण करून देतो. रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागली, की सरकारी वसाहतीतील झाडून सारी मुले दूरचित्रवाणीसंचापुढे बसत. ती मालिका १९८९ साली जपानात तयार झाली होती. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलझार यांनी लिहिले होते, आणि शेरखानाला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. म्हणजे आमचे आजचे आक्षेपक बालपणी अ‍ॅनिमेच पाहत होते. फक्त तिला अ‍ॅनिमे म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे त्यांच्या संस्कारांस बाध आला काय? आला असल्यास त्यांनी तसे प्रांजळपणे सांगावे. नसल्यास मुलांच्या बाबतीत हीच कसोटी लावावी.

त्याहून बोलका दाखला रामायणाचा आहे. युगो साको या जपानी गृहस्थांनी राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासह श्रीरामाची कथा जपानी पद्धतीच्या चलच्चित्रांत आणली. तो चित्रपट १९९३ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला, आणि भारतातील चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शित व्हावयास त्याला जानेवारी २०२५ उजाडावे लागले. मंडळाच्या उपरोक्त कलमानुसार त्या चित्रपटातील श्रीरामाचा वेष करून एखादा मुलगा आला, तर त्यास पौराणिक म्हणून आत घ्यावयाचे की परदेशी कार्टून म्हणून बाहेर काढावयाचे? कलमकर्त्यांनी याचा निकाल सवडीने द्यावा.

आणि परक्यांकडून घेण्याविषयीच बोलावयाचे, तर आपल्या रंगभूमीचा इतिहास काय सांगतो? १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून तसे काही मराठीत व्हावे असे संस्थानाधिपतींच्या मनात आले, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटला मराठी केले. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ केले. यांपैकी कोणासही आपल्या पूर्वजांनी दारावर अडविले नाही. परक्याचे घ्यावे, त्यावर स्वतःचा हात चालवावा आणि ते आपले करून सोडावे, ही मराठी रंगभूमीची जन्मापासूनची चाल आहे. तिचाच अभिमान मिरवणाऱ्यांनी पिवळ्या केसांच्या टोपाला भ्यावे, हे आम्हांस अनाकलनीय वाटते.

ईशान्येकडे नेमणूक झालेल्या आमच्या बांधवांना तर हे अधिक सांगण्याची गरज नाही. ज्या कोहिम्याच्या टेकड्यांवर १९४४ साली जपानी सैन्याशी घनघोर युद्ध झाले, त्याच कोहिम्यात आज नागा तरुण-तरुणी कॉस्प्लेचा मेळा भरवितात आणि जपानी कथांतील वीरांचे वेष स्वतः करून येतात. त्यामुळे ते नागा राहिले नाहीत, असे म्हणण्याचे धाडस त्यांच्यासमोर कोणी करून पाहावे.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे पोरकट आहे. हा आक्षेप बहुधा न पाहताच घेतला जातो. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा ‘हॉतारु नो हाका’, म्हणजे काजव्यांची समाधी, हा चित्रपट आक्षेपकांनी एकदा अवश्य पाहावा. १९४५ सालच्या बॉम्बवर्षावात कोबे शहर जळाल्यावर उघड्यावर पडलेल्या एका मुलाची व त्याच्या धाकट्या बहिणीची ती कथा आहे. ती पाहून ज्याचे डोळे कोरडे राहतील त्याने इतरांस पोरकट म्हणण्याचा अधिकार खुशाल बजावावा.

पण सर्वच उदाहरणे अशी गंभीर घेतली, तर आम्ही सोयीचे तेवढेच निवडले असा आरोप होईल. म्हणून ज्या मालिकेच्या नावाने आज घरोघर खडे फोडले जातात तीच घेऊ. ‘किमेत्सु नो याइबा’, जिला आपली मुले ‘डेमन स्लेयर’ म्हणून ओळखतात, तिचा नायक तान्जिरो हा कोळसे विकणाऱ्या कुटुंबातील मुलगा. काळ ताइशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६ मधला. घरच्यांची हत्या झाली, एक बहीण वाचली पण राक्षसी झाली. तिला पाठीवरच्या पेटीत घेऊन हा मुलगा ती पुन्हा माणूस व्हावी म्हणून वणवण फिरतो. मारामाऱ्या आहेत, रक्तपात आहे, अतिशयोक्ती तर पदोपदी आहे. ती आपल्या पुराणांतही कमी नाही. परंतु कर्तव्य, भावंडांचे प्रेम आणि शत्रूविषयीही करुणा हे त्या कथेचे सार आहे.

आता त्या तान्जिरोच्या अंगरख्याकडे पाहा. हिरव्या व काळ्या चौकडींच्या त्या नक्षीला जपानीत ‘इचिमात्सु’ म्हणतात. अठराव्या शतकात एदो नगरीत सानोगावा इचिमात्सु नावाचा काबुकी नट होता. त्याने रंगभूमीवर या चौकड्यांचे वस्त्र नेसले, नगरातील स्त्रियांनी ती नक्षी उचलली आणि तिला त्या नटाचेच नाव पडले. नायकाच्या बहिणीच्या वस्त्रावर ‘आसानोहा’, म्हणजे तागाच्या जातीच्या झाडाच्या पानांची नक्षी आहे. मूल बळकट वाढावे म्हणून ती जपानात तान्ह्यांच्या कपड्यांवर घालीत. या नक्ष्यांवर आपली व्यापारी मालकी नोंदवावी असा अर्ज प्रकाशकांनी केला, तेव्हा तान्जिरोच्या चौकड्यांची नोंद जपानच्या अधिकृत कचेरीने २०२१ साली नाकारली. जी नक्षी पिढ्यान्‌पिढ्या साऱ्यांची आहे ती एका दुकानाची कशी होईल?

नटाने नेसावे आणि नगराने उचलावे, ही कथा मराठी माणसास ऐकल्यासारखी वाटत नाही काय? बालगंधर्वांचे लुगडे, त्यांचा अंबाडा आणि त्यांतील फुले यांचे अनुकरण पुण्यामुंबईच्या कुलीन स्त्रियांनी केले, हे आपण कौतुकाने सांगतो. गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली. त्याच १९१३ साली जपानमधील ताकाराझुका गावी मुलींची एक नाट्यसंस्था निघाली. आपल्याकडे पुरुष स्त्रियांच्या भूमिका करीत होते, तिकडे स्त्रिया पुरुषांच्या भूमिका करू लागल्या. ओसामु तेझुका याच गावात वाढले, ते खेळ पाहतच मोठे झाले, आणि पुरुषवेषात तलवार चालविणाऱ्या राजकन्येची चित्रकथा त्यांनी १९५३ साली लिहावयास घेतली. आज आपली मुलगी एखाद्या जपानी तरुण योद्ध्याचा वेष करते तेव्हा ती या लांबलचक परंपरेत उभी असते. बालगंधर्वांच्या तसबिरीखाली बसून तिला “हे काय पुरुषी सोंग?” म्हणून हटकणे, हा विनोद आम्ही कोणत्याही फार्सात पाहिलेला नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा व पैशाचा. नुसते पाहण्यात दिवसाचे दहा तास घालविणारा मुलगा अभ्यासास मुकतो, हे आम्हांस मान्य आहे. दहा तास क्रिकेट पाहणारा बापही कशास तरी मुकतोच. परंतु पाहणे आणि करणे यांत भेद केला पाहिजे, आणि आक्षेपक तो करीत नाहीत. वेष करावयाचा निर्णय झाला, की मुलीला काय काय करावे लागते याची चौकशी एकदा तरी करावी. मालिकेतील चित्र सपाट असते. त्यात मागची बाजू क्वचितच दिसते. म्हणून निरनिराळे प्रसंग थांबवून थांबवून पात्राचा पुढचा, मागचा व बाजूचा भाग कागदावर उतरवावा लागतो. मग मापे; मग जुन्या चादरीवर कच्चा नमुना; मग कापड. ते सुती घ्यावे की साटीन, अंगावर झुलेल की ताठ राहील, आडवे बेतावे की उरेब, अस्तर कोठे हवे, उलटी टीप कोठे मारावी, हे सारे प्रश्न सोडवावे लागतात. चिलखतासाठी फोमची जाड चादर आणून ती सुरीने तिरकी कापावी लागते, उष्णतेने वाकवावी लागते व गरम गोंदाने जोडावी लागते. टोपाचे केस कातरून, फवारा मारून उभे करावे लागतात. हे सारे ठरलेल्या तारखेच्या आत, आणि खाऊच्या पैशांत! ज्यांनी आयुष्यभर अंदाजपत्रके तयार केली व मुदतवाढीचे अर्ज लिहिले, त्या आमच्या अधिकारी बांधवांना तरी या खटाटोपाची किंमत कळावयास हवी होती.

शिवाय या निमित्ताने मूल गावात उतरते. आपल्यापैकी कितीएकजण दिल्लीस तीन वर्षे राहून कचेरी, निवासस्थान आणि विमानतळ यांपलीकडे दिल्ली न पाहता परततात. वेषासाठी गोट व जरीची फीत हवी असलेली मुलगी चांदणी चौकातील किनारी बाजार पायी पालथा घालते. कलकत्त्यास असलेला मुलगा कुमारटुलीच्या कारागिरांकडून शोलाचे भेंड कसे कापतात ते पाहून येतो, कारण मूर्तीच्या मुकुटास जे चालते ते त्याच्या शिरस्त्राणासही चालणार असते. दर तीन वर्षांनी शाळा, मित्र आणि भाषा बदलाव्या लागणाऱ्या या मुलांचे कोणत्याच गावाशी नाते जुळत नाही, म्हणून आपण हळहळतो. ते नाते अशा चिकाटीच्या हिंडण्यातून जुळते; आणि नव्या गावी पहिल्या महिन्यात त्यांना मित्र मिळतो तोही बहुधा तीच मालिका पाहणारा असतो.

‘ही तर नक्कल आहे, यात निर्मिती कोठली?’ असाही एक उपप्रश्न विचारला जातो. कोकणातील दशावतारी नट स्वतःच्या हाताने चेहरा रंगवून रावण होतो ती नक्कलच. बहुरूपी फौजदाराच्या वेषात दारात येऊन खोट्या वॉरंटाचा धाक घालीत असे तीही नक्कलच. हुबेहूब करावयाचे म्हणून जो बसतो त्याला मूळ वस्तू कशी घडली हे आधी समजून घ्यावे लागते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोरास आपण कधी नकलाकार म्हटले नाही. सरकारी सदनिकेच्या चौथ्या मजल्यावर माती आणि अंगण नाही; तेथे ते पोर फोमचे चिलखत करते, इतकेच.

या सर्व खटल्यात आश्चर्य याचे वाटते, की जो आक्षेप खरोखर घ्यावयास हवा तो कोणीच घेत नाही. तो आम्हीच घेतो. तेझुकांनी आपली पहिली मालिका दूरचित्रवाणीस खर्चाहून कमी दरात दिली आणि तूट इतर विक्रीतून भरून काढण्याचा मार्ग पत्करला. सेकंदास चोवीस चौकटी लागतात. तेथे एकच चित्र तीन तीन चौकटी टिकवून आठ चित्रांत काम भागविण्याची काटकसर त्या मालिकेने रूढ केली. त्यांची संस्था पुढे १९७३ साली बुडाली, पण अपुऱ्या पैशांत व अपुऱ्या वेळात काम उरकण्याची रीत उरली. तुकड्यावर राबणारे तरुण चित्रकार ही त्या धंद्याची जुनी जखम आहे. क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेने कलावंतांस पगारी नोकरीत ठेवून वेगळा मार्ग घालून दिला होता; १८ जुलै २०१९ रोजी एका माथेफिरूने तिच्या इमारतीस आग लावली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. नायकाच्या तलवारीची लांबी मुखोद्गत असलेल्या आपल्या मुलांना ती काढणाऱ्या हातांची किती माहिती आहे, हे विचारणे रास्त आहे. तयार वेष घरपोच मागवून आरशासमोर उभे राहणाऱ्यांसही आमची सहानुभूती नाही. वेष विकत घेणारा कॉस्प्लेकार आणि मावळ्याचा पोशाख भाड्याने आणणारा स्पर्धक, हे दोघेही आमच्या लेखी एकाच पंगतीचे आहेत. परंतु हा आक्षेप घ्यावयाचा तर मुलांच्या शेजारी बसून ते काय पाहतात हे पाहावे लागते. दारातून ‘संस्कार, संस्कार’ ओरडणे त्याहून सोपे पडते.

नागोया येथे २००३ पासून कॉस्प्लेचे जागतिक संमेलन भरते, आणि जपानचे परराष्ट्र खातेही त्यास पाठबळ देते. तेथील स्पर्धेत वेष स्पर्धकाने स्वतः तयार केलेला असावा लागतो. आमची सूचना एवढीच आहे, की आपल्या मंडळांनी परदेशी पात्रे बाद करण्याचे कलम काढून टाकावे आणि त्या जागी हे एकच कलम घालावे. पात्र कोणतेही असो. राम असो, बाजी प्रभू असो वा तान्जिरो असो. वेषातला काही भाग तरी स्पर्धकाच्या हातचा असावा. आणि त्याने रंगमंचावर येऊन तो कसा केला हे पाच मिनिटे मराठीत सांगावे.

मराठीत सांगावे, ही अट आम्ही मुद्दाम घालतो. या नायकाचा नवा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात आला तो जपानी व इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत, मराठीत नाही. कोट्यवधींच्या भाषेला व्यापाऱ्यांनी वगळले, कारण मराठी माणूस मराठीतून मागणार नाही अशी त्यांची खात्री आहे, आणि ती आपणच करून दिली आहे. जी मुले या कथांवर जीव टाकतात त्यांना आपण मराठी मंडळाच्या दारातून परत पाठविले, तर ती आपली आवड हिंदीत आणि इंग्रजीत बोलतील; बोलतच आहेत. मंडळात मग गणपतीपुढे आपण चार पिकलेली डोकी उरू, आणि मराठी ही रागावण्याची व उपदेशाची भाषा होऊन बसेल.

उलट, वेष करावयास बसलेल्या मुलीला काज, गोट, उरेब, अस्तर, टीप, बेतणे हे शब्द कोणाकडून मिळावयाचे? ते शब्दकोशात सापडतील, पण कळावयाचे ते यंत्रावर बसलेल्या आजीच्या किंवा मावशीच्या शेजारी बसूनच. सुटीत आजी बदलीच्या गावी येते तेव्हा नात आणि आजी यांच्यात बोलावयास विषय नसतो, ही आपल्या घरांतील रोजची व्यथा आहे. एका जपानी कोळसेविक्याचा चौकडीचा अंगरखा हा विषय पुरवीत असेल, तर त्याला सोवळ्याबाहेर बसविण्याचा करंटेपणा आपण करू नये. भाद्रपद दूर असला तरी मंडळांची नियमपत्रके फार आधीच छापावयास जातात. ती छापखान्यात जाण्यापूर्वी ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी ते कलम खोडावे. कलमे खोडण्याचा सराव आपणा अधिकाऱ्यांस पुष्कळ आहे.